नेटवर पातेलं

तुम्ही हसाल, पण सांगतोच. नातीचा रोज चारचा व्हिडिओ कॉल तुटायचा. म्हणून पुण्याच्या पोरानं आमच्या रिसोडच्या घरात एक यंत्र बसवलं. इथल्या नेटचा वेग त्याला तिकडे मोबाइलवर दिसायचा.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "बाबा, रोज बरोबर चारच्या आधी नेट पडून राह्यलं. तुमी काही करता का?"

"मी कायले करू? उलट जपतो. शेजारी सोयाबीनची मळणी चालू हाये, भुसा उडते. म्हणून रोज कॉलच्या आधी नेटच्या डब्ब्यावर पातेलं पालथं घालतो."

"स्टीलचं?"

"नाही, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं."

"अहो बाबा, पातेल्यातून नेट बाहेर कसं येईन?"

मागून नात ओरडली, "आबा, म्हणजे रोज मलाच कोंडत होतात?"

"हो माय," मी म्हटलं, "पण भुसा लागू देला नाही तुले."