जलतरंगाची लपवाछपवी

सिप्रियन : तसां नाय गो बाय. पत्ते पिसल्यासारख्या नको. एका बोटान फुडे ओढायची, बघायची, सोडायची. मगे दुसरी.

लीला : सिप्रियनकाका, मला कणकवलीची चारची गाडी गाठायचीय. नाव सांगितलं ना तुम्हाला? जलतरंगाची रेकॉर्ड. निळं कव्हर, त्यावर चिनी मातीच्या वाट्या मांडलेल्या.

सिप्रियन : नाव सांगून मिळता ती कॅसेट. सोमवारी हंय काचेचां कपाट येतला. गिराईक भायर उभ्या रवतला, नाव सांगतला, कॅसेट घेतला, जातला. दुकानात पाय ठेवची गरज नाय. माझी बायल सेवरीना खूश आसा. म्हणता, लादी तरी स्वच्छ रवात.

लीला : आणि या सगळ्या रेकॉर्डी?

सिप्रियन : कोल्हापूरवालो आज टेंपो घेवन येता. सगळा एकदम नेता. म्हणान तर तुका निरोप धाडलंय. तुझ्या बापाशीची, भाईंची, काय वस्तू रवली आसात, तर घेवन जा.

लीला : वस्तू त्यांची कुठली? विकत घेतलेलीच नाही. हॉस्पिटलात भाईंनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, घराबिराचं काही सांगतायत. तर म्हणाले, "जलतरंग कुठे ठेवलीय ते गुरुदास मास्तरांना सांगू नकोस." आणि कुठे ठेवलीय ते मलाही सांगितलं नाही.

सिप्रियन : म्हणजे शेवटपर्यंत खेळात होते.

लीला : कसला खेळ?

सिप्रियन : एका शनवारी मी ती रेकॉर्ड लावलंय. भाई त्या खोक्याकडे, मास्तर ह्या खोक्याकडे. दोघांचेय हात थांबले. संपली तशी भाई म्हणाले, "ठीक आसा." मास्तर म्हणाले, "बरी आहे." घेवक कोणीच नाय. फुडच्या शनवारी बघतंय, तर ती भजनांच्या मागे. मास्तरांनी नेव नये म्हणान भाईनी लपवल्यानी. तेच्या फुडच्या शनवारी लावण्यांच्या मदी. ती मास्तरांची करणी. तेव्हापासून चालू.

लीला : पण भाईंनी सरळ विकत का नाही घेतली?

सिप्रियन : घेतली तर शनवारी शोधतले काय?

लीला : आई दर शनिवारी विचारायची, एवढा वेळ काय करत होता? म्हणायचे, "काही नाही. चाळून आलो." घरी प्लेअर धूळ खात पडलेला, आणि हे इथे. काका, ही काय? पोपटाला बोलायला शिकवायची रेकॉर्ड?

सिप्रियन : ती कोणी मागवलेली, देवाक ठाऊक. कोणी घेवक नाय. पण जो इलो तो ती बघून हसान गेलो. आता तूच सांग, कॅसेटीच्या दुकानात भायर उभ्या रवान कोण म्हणात, "पोपट आसा?"

लीला : कोणी नाही म्हणणार.

सिप्रियन : तां माझा दुःख. माणूस मागूक येता एक, आणि घरी जाता भलतांच घेवन. आता भलतां काय मिळाचा नाय.

गुरुदास : सिप्रियन, टेंपो आला का रे? मी म्हटलं, जायच्या आधी एकदा... अरे, लीला. तू इकडे?

लीला : नमस्कार मास्तर. शाळा अर्ध्या दिवसाची होती, आले तशीच. तुम्ही जरा पायरीवर थांबता का? तुमच्यासमोर शोधायची मला परवानगी नाही.

गुरुदास : काय शोधायची?

सिप्रियन : मास्तर, आता आव आणू नकात. मी सगळा सांगलंय तिका.

गुरुदास : तुझ्या पोटात कधी काही राहिलंय? शोधू नकोस, लीला. नाताळच्या गाण्यांच्या खोक्यात आहे. अगदी तळाशी.

लीला : तुम्हाला कधी सापडली?

गुरुदास : भाई गेले, त्यांचं तेरावं झालं, त्यानंतरच्या शनिवारी. भजनं पाहिली, लावण्या पाहिल्या, घरबसल्या इंग्रजी शिकायच्या रेकॉर्डीसुद्धा उपसल्या. मग म्हटलं, हा माणूस या वेळी लांबचा विचार करून गेलाय. नाताळच्या खोक्यात डिसेंबरपर्यंत कोणाचा हात जात नाही. डिसेंबरपर्यंतची सोय करून ठेवली होती त्यांनी.

सिप्रियन : आणि तुमी नेवक नाय ती?

गुरुदास : नेऊन काय करू? मला सापडली, हे त्यांना कळायला नको? मी चाळीत चाळीत तिथवर पोचायचो आणि हा गृहस्थ दारातून समुद्राकडे बघत उभा. मान हलायची नाही, पण कान लाल व्हायचे. ते कान बघायला मिळणार नसतील, तर सापडून उपयोग काय? काढली, पुसली, होती तिथे ठेवली. दर शनिवारी बघून जातो.

लीला : मिळाली. खरंच, धूळ नाही हिच्यावर. मास्तर, ही तुम्ही न्या.

गुरुदास : छे. तुझ्या वडलांनी ठेवलेली. तू ने.

लीला : तुम्ही शोधलीत.

गुरुदास : मग मी सांगतो ते ऐक. तू ने.

सिप्रियन : भांडू नकात. माका जरा वाकूक द्या. ह्या काउंटराच्या खाली... ही घेवा. मिटला भांडण?

गुरुदास : हे काय?

सिप्रियन : जलतरंग.

गुरुदास : दुसरी?

सिप्रियन : पयल्यापासून दोन होत्या.

गुरुदास : दोन. एवढी वर्षं मी गुडघे टेकून शेतीविषयक भाषणांची खोकी उपसतोय, धोतराची दशा करून घेतोय, आणि तू दुसरी पायाखाली घेऊन बसलास?

सिप्रियन : भायर काढलंय असतंय, तर दोघांनी एकेक घरी नेली असती. मगे शनवारी माझ्या दुकानात कोण येतलो?

लीला : भाईंना हे कळलं असतं, तर महिनाभर तुमच्याशी बोलले नसते.

सिप्रियन : बोलले नसते. पण शनवारी इले असते.

गुरुदास : आले असते. मीही आलो असतो. दुसरी कुठे लपवलीस, ते बघायला.

लीला : काका, ती दुसरी मी घरी नेते, ऐकायला. आणि मास्तर, ही भाईंची रेकॉर्ड लपवायची पाळी आता कोणाची?

गुरुदास : माझी. पण लपवू कोणापासून?

लीला : माझ्यापासून.

सिप्रियन : अगो, टेंपो येता मगाशी सांगलंय ना? खोकेच नाय रवले, तर लपवतले खंय?

लीला : काचेच्या कपाटामागची भिंत मोकळीच राहील ना? चारदोन खोकी तिथे बसतील. मी शनिवारी येत जाईन.

सिप्रियन : सेवरीना माका जेवूक घालूची नाय. बरां. नाताळाचो खोको रवतलो. भजनांचो रवतलो. पोपट तर रवतलोच.

गुरुदास : शेतीची भाषणंही ठेव. त्यात जागा चांगली आहे.

सिप्रियन : मास्तर, तुमी तिच्यासमोर सांगलास. ती जागा गेली.

गुरुदास : लीला, भिंतीकडे तोंड कर. सिप्रियन, तूसुद्धा. तुझा आता काडीचा भरवसा नाही.

(दोघं भिंतीकडे तोंड करून उभी राहतात. मागे खोकी सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात.)

सिप्रियन : लीला, हॉर्न वाजलो गो. तुझी कणकवलीची गाडी सुटली.

लीला : सुटू दे. मास्तर, सावकाश लपवा. माका घाई नाय.