कार्डाचा अभ्यास झाला आहे

...अन् वरून मलेच विचारतात, "प्रीती, तुह्याजवळ असतील ना वं थोडेसे?" परदेशात! एटीएमसमोर! मागे पांढरे कपडे घातलेल्या लोकांची ही एवढी लाइन, अन् आमचा माणूस बायकोले विचारून राहिला, थोडेसे असतील ना! माह्याजवळ कुठून येतील हो? माह्यं कार्ड तं नागपुरात, हुडकेश्वरच्या घरी, कपाटात साड्यांच्या खाली. काहून? तं अभ्यासात ते नापास झालं होतं! हसू नका. तुम्हाले सांगते, माणसानं पत्ते खेळावे, तंबाखू खावा, दिवसभर पानठेल्यावर उभं राहावं, मी काही म्हणणार नाई, पण माणसानं अभ्यास करू नये.

आमचे हे, म्हणजे प्रेमानंद, पाटबंधारे खात्यात आहेत. माणूस सोन्यासारखा, पण घरात साधा पंखा घ्यायचा म्हटलं तरी पहिले अभ्यास. मागच्या उन्हाळ्यात कूलरचा अभ्यास केला. कोणता पंप, कोणतं गवत, कोणती मोटर... अभ्यास पुरा झाला तेव्हा पाऊस लागला होता. आम्ही सगळे ओल्या चादरी पांघरून झोपलो तो उन्हाळा, पण हे खुश! कारण अभ्यास झाला होता.

तं झालं काय, आमच्या विहारातून श्रीलंकेची टूर निघाली. मधुसूदनजी म्हणून आमचे एक रिटायर्ड मास्तर आहेत, तेच दर वर्षी नेतात लोकायले. आमच्या यायनं दोघांची नावं देल्ली. सासूबाईचं, पार्वतीबाईचं, मन होतं खूप, पण गुडघे! धंतोलीच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, एवढा प्रवास नाई जमायचा. त्या काही रडल्या-बिडल्या नाईत. एवढंच म्हणाल्या, "प्रेमानंद, माह्यं एक काम कर गा. अनुराधापूरले बोधिवृक्षाजवळ, पौर्णिमेच्या दिवशी, तुह्या बाबाच्या नावानं एक चीवर दान कर. इथून नेऊ नको, तिथलंच घे, तिथल्याच भंतेजीले दे. मले दुसरं काही आणू नको." चीवर म्हणजे भंतेजी अंगावर घेतात ते वस्त्र. आमचे सासरे, धोंडबा, यायले आयुष्यभर तिथं जायचं होतं. पासपोर्टही काढला होता त्यायनं. कोराच राहिला बिचारा.

आता सांगा, कठीण काम आहे का? पैसे न्यायचे, चीवर घ्यायचं, भंतेजीले द्यायचं. बाकी सगळ्यायनं काय केलं? नागपुरातच सदरले गेले, पैसे बदलून आणले, कंबरेले बांधले, झालं! पण आमचे हे त्यायले हसले. "कॅश? आजच्या जमान्यात कॅश बांधून फिरता? मधुसूदनजी, तुम्ही तं मास्तर होते!" मधुसूदनजी म्हणाले, "अगा प्रेमानंद, पैसे खिशात असले का बरं वाटते." हे म्हणाले, "पैसे एटीएममध्ये असतात. खिशात फक्त कार्ड असते. प्रश्न एवढाच आहे का, कोणतं कार्ड?"

लागला अभ्यास! रात्रंदिवस! मी भाजी वाढून राहिली अन् हे ताटावर बोटानं टक्के काढून राहिले. एका कार्डावर परदेशात पैसे काढले का बँक साडेतीन टक्के कापते. दुसऱ्यावर टक्के कमी, पण दर वेळेची फी जास्त. क्रेडिट कार्डानं कॅश काढली तं त्याच दिवसापासून व्याज! सदरच्या बँकेत गेले तं तिथला पोट्टा गळ्यात टाय बांधून, "सर, फॉरेक्स कार्ड लीजिए ना, एकदम टेन्शन फ्री!" यायनं त्याले दोन घंटे बसवलं. "यात श्रीलंकेचा रुपया भरता येते का?" "नहीं सर, डॉलर भरना पडेगा." "म्हणजे इथं रुपयाचा डॉलर करताना कापणार, तिथं डॉलरचा रुपया करताना पुन्हा कापणार?" तो पोट्टा म्हणे, "सर, चाय लेंगे?" शेवटी दुसऱ्याच एका बँकेत नवीन खातं उघडलं, निव्वळ कार्डासाठी! त्या कार्डावर टक्केवारी शून्य. सोबतीले पगाराच्या खात्याचं जुनं कार्ड. अन् मंग मले प्रवचन! "तिथली मशीन विचारते, तुमच्या देशाच्या पैशात हिशोब करू का? हो म्हणायचं नाई. गोड बोलून जास्त कापते. अन् दर वेळेस मशीनचीही फी असते, म्हणून पैसे एकदाच काढायचे, पौर्णिमेच्या दिवशी, लागतील तेव्हाच." मी म्हटलं, बरं. मी काय म्हणू? अभ्यास झाला होता ना!

आता निघायच्या आठ दिवस आधीची गोष्ट ऐका. यायच्या वाचण्यात आलं का, विमानतळावर कोणाची तरी बॅग चोरली अन् कार्डानं पैसे काढून घेतले. झालं! यायनं फोन काढला, बँकेचं ॲप उघडलं, अन् दोन्ही कार्डांचं परदेशातलं बटण बंद करून टाकलं. "प्रवासात बंद, तिथं पोचल्यावर चालू. चोरानं चोरलं तरी हात चोळत बसला पाहिजे." बरोबर आहे ना? एकदम बरोबर! मंग संध्याकाळी दुसरा निर्णय. यायच्या फोनवर गॅसचा नंबर आहे. सिलेंडर आलं का त्यावर कोड येते, तो सांगितल्याशिवाय गॅसवाला सिलेंडर उतरवत नाई. आपण तिकडं, सासूबाई घरी एकट्या, सिलेंडर कसं घेणार? अन् तिकडं या फोनचं रोमिंगही महाग. म्हणून हा फोन आईजवळ ठेवायचा, अन् माह्या फोनमध्ये तिथलं सिम टाकायचं. हाही निर्णय बरोबर! वेगवेगळे पाहिले तं दोन्ही निर्णयायत एक चूक काढून दाखवा.

बरं, फोन नुसता देऊन चालते का? आमच्या बाजूचे नत्थूजी आहेत, त्यायले मागे एक फोन आला होता. आवाज अगदी त्यायच्या पोराचा. "बाबा, मी फसलो, ओटीपी सांगा." सांगितला, अन् खातं साफ! तेव्हापासून आमच्या गल्लीत सगळे घाबरून. म्हणून यायनं आईचाही अभ्यास घेतला! हे गच्चीवर जायचे, तोंडावर रुमाल ठेवायचे, अन् खाली फोन लावायचे. "मॅडम, मैं बँक से बोल रहा हूं, ओटीपी बताइए." पहिल्या वेळेस सासूबाई म्हणाल्या, "थांब बेटा, चश्मा लावते. जेवला का तू?" हे धाडधाड जिना उतरून खाली! "आई, नाई सांगायचा! कोणाले म्हणजे कोणालेच नाई!"

"तुहा फोन आला तरी?"

"माहा आला तरी!"

"तू रडला तरी?"

"रडलो तरी नाई. रडून राहिला म्हणजे समजायचं, चोरच आहे."

"अन् तुह्यं तोंड दिसलं तं?"

"तोंडही नकली बनवतात आजकाल, आई."

असं रोज चाललं. शेवटी शेवटी सासूबाई अशा तयार झाल्या का, गच्चीवरून फोन आला का इकडून पहिली शिवीच जायची! हे वर बसून शिव्या खायचे अन् टाळ्या वाजवायचे. अभ्यास झाला होता!

तं पोचलो श्रीलंकेले. जेवण-राहणं टूरमध्येच होतं, म्हणून पैशाचं काम पडलं नाई. आली पौर्णिमा. तिथं पौर्णिमेले सगळ्या देशाले सुट्टी. बँक बंद, पैसे बदलायची दुकानं बंद. रस्त्यानं सगळे लोक पांढऱ्या कपड्यात, हातात कमळाची फुलं... तुम्हाले सांगते, अंगावर काटा आला माह्या. रस्त्याच्या कडेले चीवरची दुकानं. एका बाईनं चीवर घडी करून पुढ्यात ठेवलं. फोननं पैसे चालतात का म्हणून यायनं खिशातून फोन काढल्यासारखा हात केला. ती मान हलवून म्हणाली, "कॅश." तसाही फोन कुठं होता यायचा? सासूबाईच्या उशीखाली! हे ऐटीत म्हणाले, "कॅश म्हणजे कॅश, थांबा." अन् निघाले एटीएमले, रुबाबात.

नवीन कार्ड टाकलं. मशीन म्हणे, होणार नाई. जुनं टाकलं. तरी म्हणे, होणार नाई. यायनं मशीनकडं पाहिलं, मशीननं यायच्याकडं पाहिलं. अन् मंग यायचा चेहरा जो उतरला! बटण बंद. बटण ॲपमध्ये. ॲप फोनमध्ये. फोन हुडकेश्वरले!

तेव्हाच ते म्हणाले मले, थोडेसे असतील ना वं.

मी म्हटलं, मधुसूदनजीले मागा. हे म्हणे, "मेलो तरी मागणार नाई! दोन घंटे भाषण देल्लं त्यायले मी कॅशवर!" तेवढ्यात यायले सुचलं, माह्या फोनवरून बँकेची साइट उघडू, बटण चालू करू, ओटीपी आईच्या फोनवर जाईल, आई सांगेल, काम खतम. "आई सांगेल?" मी विचारलं. म्हणे, "माही आई आहे!" अन् लावला फोन.

"जय भीम. कोण?"

"जय भीम आई! मी प्रेमानंद. एक मेसेज आला असेल, त्यातला नंबर सांग लवकर!"

मंग सासूबाई म्हणतात, "आता चोरही जय भीम म्हणून राहिले का!"

"आई, मी आहो! प्रेमानंद!"

"तो तिकडं मजेत आहे. त्याच्याजवळ दोन-दोन कार्ड आहेत. त्यानं अभ्यास केला आहे."

"मीच केला तो अभ्यास! माह्या बाबाचं नाव धोंडबा!"

"ते तं लाइट बिलावर आहे."

व्हिडिओ लावला. सासूबाईनं चश्मा लावून नीट पाहिलं अन् म्हणाल्या, "चांगलं बनवलं आहे तोंड. थोडं काळं पडलं." एकदा ओटीपीची वेळ गेली, पुन्हा मागवला. दुसऱ्यांदाही गेली. हे आता लहानपणच्या गोष्टी सांगायले लागले, आंब्याच्या झाडावरून कसे पडले, तिसरीत कसे नापास झाले... लाइनीतले लोक ऐकून राहिले! अन् शेवटी, बोधिवृक्षाकडं पाहून म्हणाले, "आई, बाबाचं चीवर राहून जाईल वं." अन् खरंच रडले. हुंदका आला तुम्हाले सांगते, नाटक नाई.

तिकडून सासूबाई म्हणाल्या, "रडून राहिला. म्हणजे पक्का चोर." अन् कट!

हे तिथंच पायरीवर बसले. दोन्ही कार्डं हातात. पाटबंधारेचा साहेब, अन् चेहरा असा, का हरवलेलं लेकरू. मी सरळ उठली अन् मधुसूदनजीकडं गेली. म्हटलं, मास्तर, असं असं झालं.

मधुसूदनजी हसले नाईत. त्यायनं कंबरेचा पट्टा सोडला अन् एक पाकीट काढलं. म्हणाले, "हे माह्यं नाई. पार्वतीबाईचं आहे. त्यायच्या पेन्शनचे पैसे, सदरले बदलून देल्ले मी. मले म्हणाल्या, पोराचा अभ्यास कच्चा निघाला तं हे द्या. नाई निघाला तं गुपचूप वापस आणा, त्याले कळू नका देऊ, मन दुखते त्याचं."

मी ते पाकीट तसंच यायच्या हातात ठेवलं.

घेतलं चीवर. यायनं भंतेजीच्या हातात देल्लं, बाबाचं नाव घेतलं, अन् तिथंच किती वेळ हात जोडून उभे राहिले. मी मुद्दाम दुसरीकडं पाहत राहिली.

आलो घरी. सासूबाईनं पहिलं विचारलं, "झालं का गा काम?" हे म्हणाले, "झालं." तं म्हणतात, "बरं झालं. मले त्या दिवशी एका चोराचा फोन आला होता. हुबेहूब तुह्यावाणी रडे. दया आली मले त्याची, पण नाई सांगितला." यायनं माह्याकडं पाहिलं. मी छताकडं. हे म्हणाले, "बरं केलं, आई."

म्हटलं, चला, आता चहा तं पिऊ. लाइटर मारला. पुन्हा मारला. गॅस पेटेच ना! "आई, सिलेंडर आलं नाई का?"

"आलं होतं ना! तो पोट्टा खांद्यावर घेऊन दारात उभा होता. चांगला दिसे. पण म्हणते कसा, आजी, फोनवर नंबर आला असेल, तो सांगा."

"मंग?"

"मंग काय, हाकलला त्याले."

हे बॅगवरच बसले. "अवं आई, त्याले सांगायचा असते! त्याच्यासाठीच तं फोन ठेवला होता!"

सासूबाई म्हणाल्या, "तूच म्हटलं ना गा, कोणाले म्हणजे कोणालेच नाई? अभ्यास तं तूच करून घेतला माह्याकडून."

तेव्हापासून जेवणाचा डबा नत्थूजीच्या घरून येऊन राहिला. मी म्हटलं, अहो, गॅसचा नंबर पुन्हा लावा. म्हणे, नाई, आता गॅसवर भरवसा नाई, बिजलीची शेगडी घेऊ. मी म्हटलं, घ्या मंग, आजच आणा!

म्हणे, "अशी कशी आणू? कोणती घ्यायची, त्याचा अभ्यास सुरू आहे."