लुगड्याची लाज

माहं माहेर नेरकडचं, ताई, अन् देल्लं मले इथं राळेगाव तालुक्यात, कोरडवाहू चार एकरात. कोरडवाहू म्हनजे पान्याचा भरोसा नाही अन् मानसाचाबी नाही, हे मले लग्न झाल्यावर समजलं. एकच पोरगी माही, शिला. ती झाली अन् अंगावरचं तेल वाळलं नाही तं मी निंदनाले गेली, सासू म्हने कपाशी काय तुह्या बाळंतपनाची वाट पाहीन का, अन् शिलाचा बाप, म्हनजे माहा नवरा, तो काहीच म्हने नाही. न बोलनं हा त्याचा सोभाव हाय. तवापासून माहं अंग खाली यायले लागलं.

आता कसं सांगू तुमाले, पन बायायच्या दुखन्याचं लिहाले आल्या तं लिहाच तुमी. गर्भाची पिशवी खाली सरकते, वझं उचललं का बाहेर येते. मंग मी फडकं बांधून राहो. शेनाची पाटी उचलली, फडकं बांधून. बोरिंगवरून पान्याचे गुंड आनले, फडकं बांधून. शिलाच्या लग्नात पंगती वाढल्या, लोकं म्हने नवरीची माय कशी सपसप चालून राह्यली, तेबी फडकं बांधून. कोनाले सांगतलं नाही, लाज वाटे. त्याले सांगतलं तं म्हने वेचा होऊ दे, मंग पाहू. कापसाचा वेचा तं दरवर्सीच येते, ताई.

शेवटी शिलानंच मले यवतमाळले नेलं, मोठ्या दवाखान्यात. तिथची डाक्टरीनबाई भली होती, तिनं समजावून सांगतलं, पिशवी काढू, पन घरी गेल्यावर तीन महिने उकिडवं बसायचं नाही, वाकायचं नाही, भरला गुंड उचलायचा नाही, नाही तं आतले टाके सुटतीन. मले हसूच आलं. म्हनलं बाई, उकिडवं बसल्याबिगर बाईचं कोनतं काम होते ते तं सांगा. ती म्हने, म्हनूनच सांगून राह्यली, घरची तयारी करून या.

मंग केली मी तयारी. कोनी मरायच्या आधी करत नसन अशी केली. चुलीसाठी पराट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या, मोडून मोडून भिंतीले रचल्या, दळन दळून आनलं, डाळ भरडली, तिखट कुटलं, मुंगवड्या घातल्या. बाजेखाली इटा ठेवल्या, उठाबसाले उंच व्हावी म्हनून. प्लास्टिकच्या खुर्चीले मधात भोक पाडून संडासात ठेवली. जुनी लुगडी फाडून, उकळून, घड्या करून ठेवल्या. त्याले भात मांडाले शिकवलं, तो म्हने येते मले, अन् पहिल्याच दिवशी खिमट केलं, कुत्र्यानंबी तोंड फिरवलं. पन जमलं मंग. सारं जमलं, अडलं ते गायीपाशी.

आमची गाय मोठी नखरेल. तिचं वासरू मेलं तवापासून ती माह्याशिवाय कोनाले हात लावू देये ना, पान्हाच चोरे. शेजारची बाई गेलती दोहाले तं लात खाऊन आली. मंग मले आठोलं, माही माय करे तसं करून पायलं. माहं अंगावरचं लुगडं, न धुतलेलं, घामाच्या अन् शेनाच्या वासाचं, ते त्याले गुंडाळलं, डोक्यावरून पदर देल्ला, म्हनलं बसा आता अन् बोलू नका. न बोलनं तं त्याले येतेच. गायीनं हुंगलं, अन् काय सांगू तुमाले, सोडला ना पान्हा! मी तिकडं तोंड करून हसली. वाटलं, आता जातो मी सुखानं. खरंच सांगतो ताई, त्या दिवशी मले तो लय आवडला होता, लुगड्यातला.

आपरेशन झालं. शिला होती संग, तिच्या सासरच्यायनं तिले पाठवलं, त्यायचं भलं होवो. फोनवर मी रोज इचारो, गाय दूध देते का? तो म्हने देते. मी म्हनो लुगडं गुंडाळता ना? तो म्हने हो. मी इकडं खाटेवर पडून छतावरचा पंखा पायत राहो, जिंदगीत पहिल्यांदा दिवसाढवळ्या झोपली असन.

घरी आली, ऑटोतून उतरली नाही तं गाय हंबरते. साधं हंबरनं नव्हतं ते. जाऊन पायलं तं कास दगडावानी टनक, हात लावला तं अंगभर थरथरली. म्हनलं हे काय? शेजारच्या बाईनं सांगतलं मंग. झालं असं होतं, का तो लुगडं गुंडाळून बसला असतानी गोठ्यासमोर बुद्धविहारापाशी बोरिंगवर पान्याले आलेल्या बायायनं पायलं अन् त्या फिदफिदल्या, मंग पानठेल्यावर कोनीतरी म्हने, काय वहिनी, पदर सांभाळा. बस. तवापासून तो नुसता चारा फेके, दोहाले बसलाच नाही. लुगडं कुठं हाय म्हनलं, तं दोरीवर वाळत होतं. धुतलं होतं त्यानं. सारी जिंदगी माहं एक लुगडं त्यानं धुतलं नाही, अन् धुतलं तेव्हा कायले, तं वासच गेला आता, गुंडाळून काय उपेग, असं म्हनता यावं म्हनून!

शिला वरडली, माय बसू नको वं, तुले सांगतलं हाय. पन ते मुकं जनावर, ताई. मी बसली. उकिडवीच बसली. सारं दूध काढलं, अर्धं तं फुटकंच निंघालं, अन् उठतानी आतमधी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी बसली ते मंग रोजच बसली, शिला सासरी गेली, तो गोठ्याकडं पाहेना. पिशवी गेली तरी अंग खाली येते, आता पुन्हा फडकं हाय. डाक्टरीनबाई लय रागावली, मंग म्हने आपरेशन पुन्हा करा लागन, अवघड हाय पन होईन.

मले राग गायीचा नाही. मले राग याचा येते का माही लाज मी मांड्यायच्या मधात घेऊन शिलाच्या वयाएवढी वर्सं गावातून फिरली, कोनाले समजू देल्लं नाही, अन् त्याले माहं लुगडं घटकाभर पेललं नाही. ते लुगडं का वाईट होतं? मी तं रोजच नेसतो.

मंग त्यानं गाय इकून टाकली. गाव म्हनते, पाहा कसा मानूस हाय, बायकोपायी दुभती गाय इकली, असा नवरा भाग्यानं भेटते. मी हो म्हनतो. मले ठाव हाय त्यानं ती कोनापायी इकली.

परवा मले म्हने, आता कायची अडचन नाही, जाय दवाखान्यात, कर तयारी. मी म्हनलं यावेळी तयारी तुमी करा, मी नुसती जाईन. तो चपला घालून बाहेर गेला. सुखी राहो बापा तो, मी का त्याचं वाईट चिंततो? तुमी लिहून राह्यल्या तं एवढं लिहा, का त्याच्या तयारीची मी अजून वाट पाहून राह्यली.