ऑर्विलच्या खोपटात मासा का लागत नाही

…नाही, पण मला सांगा, अख्खा जानेवारी सात बाप्ये दर शनिवारी गोठलेल्या तळ्यावरच्या एका खोपटात शिरतात, बर्फातल्या भोकांत तीन-तीन तास गळ टाकून बसतात, आणि बाहेर पडताना एकाच्याही हातात मासा नाही… एकाच्याही! संशय येणार की नाही? मी काही चौकशा करणारी बाई नव्हे, पण माझ्या स्वयंपाकघराची खिडकीच तळ्याकडे उघडते, त्याला मी काय करू?

खोपटं ऑर्विलचं. ऑर्विल आमचा शेजारी, बायको जाऊन सहा वर्षं झाली, माणूस इतका अबोल की घराला आग लागली तरी हा आधी येऊन थंडीबद्दल दोन शब्द बोलेल आणि मग बादली मागेल. एकुलतं एक लेकरू, डुलूथला कॉलेजात. ते नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी आलं आणि टर्की अर्धी कापून व्हायच्या आत गाडी काढून परत गेलं. गाडी मी पाहिली. आणि ऑर्विल? गॅरेजात! टर्की टेबलावर गार होतेय आणि हा दोन तास गॅरेजात… करत काय होता, सांगा बरं? आमचे हे, ड्वेन, म्हणाले, "लोरेटा, त्यांचं ते बघतील." आता हे कोण म्हणतंय, तर पलीकडचं घर विकलं गेलेलं ज्याला चार महिन्यांनी कळलं, तो माणूस!

मी काही चौकशा करणारी बाई नव्हे. मी फक्त हॉटडिश केला. खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे, कडा मस्त कुरकुरीत… हॉटडिश घेऊन आलेल्या बाईला आमच्या मिनेसोटात दारातून कुणी परत पाठवत नाही, हे मला पक्कं ठाऊक. बूट चढवले, तळ्यावरून तरातरा गेले. म्हटलं, जुगार असेल, नाहीतर दारू असेल. दार उघडते तर काय, सात दणकट बाप्ये उपड्या बादल्यांवर, बर्फात पाडलेल्या भोकांकडे टक लावून, आणि त्यातला एक, वेल्डिंगवाला, मान वर न करता सांगतोय की माझ्या मुलाचं एका मुलाशी लग्न ठरलंय, मला मुलगाही पसंत आहे, जावईही पसंत आहे, पण लग्नात बापाने नवरीबरोबर नाचायची रीत, मी नाचायचं कुणाबरोबर? बाकीचे सहा जण गंभीरपणे भोकात बघत विचार करतायत! हॉटडिश हातातून पडता पडता राहिला हो.

हा उद्योग मर्लचा. मर्ल म्हणजे शाळेची बस चालवायचा तो. त्याच्याही मुलाने असंच काहीसं सांगितलं होतं, आणि त्यावर धड एक वाक्य बोलायला मर्लला चार वर्षं लागली. म्हणून त्याने असल्या बापांना चर्चच्या तळघरात बोलावलं, खुर्च्या गोल मांडल्या, समोरासमोर. सहा जण आले, कॉफी प्यायले, टायरांवर बोलले आणि घरी गेले. पुढच्या वेळी मर्ल एकटाच! मग त्याच्या ध्यानात आलं, आमच्याकडचा बाप्या दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून मनातलं बोलत नाही, त्याला बघायला भोक लागतं. नियम एकच, गळ हातात, नजर खाली. आणि आमिष लावायचं नाही. "मासा लागला की बोलणं तुटतं, लोरेटाबाई," मर्ल म्हणाला. मला एक बादली दिली, आणि इथलं इथेच राहील असा शब्द घेतला. माझ्याकडून!

मग ऑर्विलची पाळी. लेकरू जेवता जेवता म्हणालं होतं की बाबा, मी मुलगी नाही, मुलगा आहे, आणि आजपासून माझं नाव हॅल्वर. "मी रागावलो नव्हतो," ऑर्विल भोकाला सांगत होता, "मला तोंड कुठे ठेवायचं कळेना, म्हणून उठलो." आता निरोप आला होता. पुढच्या शनिवारी येतोय. नावाने हाक मारलीत तर राहीन, नाहीतर आईचा शिवणाचा डबा घेईन आणि पुन्हा येणार नाही. तर हा नावाचा सराव करत होता. "हॅ…" करायचा आणि थांबायचा. दाढीत अडकायचं सगळं.

मी गप्प बसले. तीन मिनिटं! ड्वेनला विचारा, आमच्या लग्नातसुद्धा मी इतकी गप्प नव्हते. मग राहवेना. म्हटलं, "ऑर्विल, ते नाव तुझ्या दारावर लिहिलंय." खरंच लिहिलंय हो, निळ्या रंगात. खोपटं बांधलं ऑर्विलच्या आजोबाने, हॅल्वरने. "चाळीस वर्षं तू त्या नावाखालून वाकून आत शिरतोस. पोराने काही परकं नाव नाही घेतलं, तुमच्याच घरातलं उचललंय."

मर्लने उगीच बादली सरकवली.

पुढच्या शनिवारी गाडी थांबली कुठे, तर माझ्या दारात! पोरगा उतरला, केस बारीक कापलेले, फोटोतल्या पणजोबाचीच हनुवटी. "लोरेटाकाकू, तुम्हाला सगळं माहीत असतं. बाबा रागावलेत का?" आता बघा माझी पंचाईत! सगळं माहीत, आणि शब्द दिलेला. जीभ दाताखाली धरली, गरम हॉटडिश त्याच्या हातात दिला, म्हटलं, हा खोपटात नेऊन दे बाबा, माझा गुडघा धरलाय. दोन्ही गुडघे ठणठणीत! तो निघाला, आणि मला आठवलं की मीठ द्यायचं राहिलं. मी काही चौकशा करणारी बाई नव्हे, पण अळणी कसं खातील? मी दहा पावलं मागून, मिठाची डबी घेऊन.

त्याने दार उघडलं. सात माना खाली. ऑर्विलला वाटलं मीच आलेय. मग त्याने मान वर केली, नियम मोडून, आणि बघत राहिला… बघतच राहिला… आणि मग रोजच्या, वैतागलेल्या बापाच्या आवाजात म्हणाला,

"हॅल्वर, दार लाव. गारठा आत येतोय."

आणि त्याने लावलं. माझ्या तोंडावर! मी मिठासकट बाहेर!

संध्याकाळी पोरगा भांडं घासून परत द्यायला आला. म्हणाला, राहतोय. आणि म्हणाला, "काकू, गावात तुम्हीच सांगून टाका, खोपटातलेही हो म्हणालेत, मला दारोदार फिरायला नको." झालं! पंचवीस वर्षं हे गाव मला "कुणाला सांगू नका" म्हणत आलं, आणि आता परवानगी! अकरा घरी सांगून झालं, तुमचं बारावं, आणि खरं सांगू, परवानगीने सांगण्यात काही म्हणजे काही चव नाही. शनिवारी आता आठ बादल्या असतात, हॉटडिश दोन करावे लागतात, आणि मासा… मासा अजून एकही नाही.