फोटोत ब्रश घेऊन मी

मी या माहिती अधिकाराच्या भानगडीत पडलो तो संडासाच्या दारामुळे. करी रोडला आमच्या चाळीत मजल्यावरच्या संडासाचं दार मोडलं होतं. बायका आळीपाळीने बाहेर चादर धरून उभ्या राहायच्या. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रारी केल्या, वर्षभर कुणी फिरकलं नाही. शेवटी मीच दार बसवलं, रंगवलंही. चाळीचे सेक्रेटरी सावंतकाका, त्यांनी कौतुकाने फोटो काढला.

पुढे शेजारच्या संडासाचंही दार मोडलं. आधीच्या तक्रारीचं काय झालं, असा मी माहिती अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, ‘कंत्राटदाराने काम पूर्ण केले आहे. फोटो सोबत जोडला आहे.’ फोटोत बनियनवर, हातात ब्रश घेऊन मी.

तो घेऊन ऑफिसात गेलो. साहेबांनी फोटो बघितला, मग मला बघितलं. म्हणाले, "दार बसलंय ना? मग तक्रार कसली?"

मी तिथेच दुसरा अर्ज लिहिला: हा फोटो तुम्हाला कुणी दिला?

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी सावंतकाका घरी आले. चहा नको म्हणाले. पंख्याकडे बघत म्हणाले, "अरे, चाळीतलं चाळीत विचारायचं ना."