सरसोतीच्या शिकवणीले मी काऊन बसलो

...आता मले सांगा, या उमरीत म्या इंग्रजी काऊन शिकावं? शिकायचं होतं आमच्या नातीले, सरसोतीले. देऊळगाव राजाचं स्थळ आलं, पोरगा शालिग्राम बुलढाण्याच्या कचेरीत कारकून, मायसंगं तठीच राहे, अन् त्याची एकच अट, पोरीले इंग्रजी यावं. दुसरं स्थळ कोनी दाखवत नव्हतं, म्हून वामन मास्तर लावला. पण जवान पोरगी परक्या माणसापाशी एकटी कशी बसवाव? आमची बुढी मनकर्णा म्हणे, "तुम्ही रिकामेच हा, बसा सोबतीले." बसलो. भोग आपले, दुसरं काय?

अन् मास्तर शिकवे काय, तं शेपटं. "केअर म्हणजे काळजी. फुल लावा, काळजी घेणारा. लेस लावा, बेफिकीर. काइंडले नेस लावा, झाली दया." म्या म्हटलं, मास्तर, आमच्या बैलाले एकच शेपूट, मरेपर्यंत पुरते. तं डोळे वटारून म्हणे, "आबा, मधात बोलू नका." इंग्रजायचं शेपटाबिगर भागत नाही, तुमाले सांगतो. पोरगी चटचट शिकली. अन् मी? तिखट कुटताना बाजूच्यालेही ठसका लागतेच ना बापा...

पाहाले मंडळी आली. बुढीनं पोरीले बजावलं होतं, "मान खाली. वडीलधाऱ्यायपुढं तोंड उघडलं तं पाह्य मंग." शालिग्राम पुसे, "होपले काय लागते?" सरसोती गप. पुन्हा पुसे, पुन्हा गप. चाललं ना स्थळ हातचं. आता पोरीले पुसलं का घरच्यानं सांगाव, हे रीतच हाय आपली. म्या म्हटलं, "फुल लावा नाही तं लेस लावा. तुमच्याकडं पाहून लेसच सुचते." अन् उलटं पुसलं, "एन्जॉयले काय लागते, बापू?" बसला डोकं खाजवत. "मेंट लागते. इंग्रजायचं शेपटाबिगर भागत नाही, कचेरीत सांगलं नाही काय कोनं?"

वाटलं, आता चिडून जाते. त्यानं मले कोपऱ्यात नेलं, अन् रडव्या तोंडानं म्हणे, "आबा, पुढच्या महिन्यात साहेब इंग्रजीची परीक्षा घेऊन राह्यला. नापास झालो तं नोकरी जाते. म्हून तं शिकलेली बायको पाह्यतो."

"मंग पोरगी शिकवन ना तुले."

"नवी नवरी, आबा. आमच्या मायसमोर सालभर मले बोलनार नाही. परीक्षा थांबते काय?"

म्या म्हटलं, परीक्षा होयेपर्यंत मीच येतो शिकवाले. लगन लागलं. मांडवपरतनीले सरसोती माहेरी गेली, थे आईपाशी मजेत बसली हाय. अन् मी अठी बुलढाण्यात, जावयाच्या मायच्या हातचं खाऊन, तिचे टोमणे आयकून राह्यलो... लगन नातीचं झालं, नांदून मी राह्यलो.