वीसच्या वर जात नाही

(विक्रोळी. हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून दशरथ परबांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. शनिवार, दुपारचे अडीच. समोर मासळीचा बंद बॉडीचा ट्रक उभा आहे.)

दशरथ : पाटी वाचलीस ना गो? 'नवीन गाड्यांचं काम घेत नाही.' मीच लिहिलीय.

कल्पिता : वाचली काका. पण पवईपासून ट्रक वीसच्या वर जातच नाय. अजून नाशिक गाठायचंय मला.

दशरथ : कंपनीच्या माणसाला फोन लाव.

कल्पिता : लावला. सोमवारी टो करून आणा म्हणाला. सोमवारपर्यंत मासळी राहते काय? आत अकरा होड्यांचा माल हाय. सुरमई, हलवा. मागचा फ्रीज पण बंद पडलाय.

दशरथ : बर्फ आहे ना?

कल्पिता : संध्याकाळपर्यंत टिकेल. काका, वर्सोव्यात आजपर्यंत बाईच्या ट्रकात कोणी माल भरला नव्हता. घरोघरी जाऊन विनवलंय मी. आज सडला तर परत कोण देणार?

दशरथ : झालं काय नक्की?

कल्पिता : सकाळी बंदरावर बॅटरी बसली. एक माणूस बोलावला, त्यानं दोन्ही नव्या टाकल्या. ट्रक चालू झाला, पण तेव्हापासून समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे पेटलेत. ब्रेक, इंजिन, सगळंच बिघडलंय म्हणतो हा ट्रक.

दशरथ : हे बघ, तुला खरं सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गाडीला मी टेस्ट लॅम्प लावला, नि तिचा कंट्रोलर, म्हणजे आतला छोटा कॉम्प्युटर, जळाला. महिनाभर गाडी उभी राहिली त्या माणसाची. तेव्हापासून मी फक्त जुने टेम्पो घेतो.

कल्पिता : नुसत्या बॅटऱ्या तरी बघा.

दशरथ : बघतो. मीटरनं काही जळत नाही... पंचवीस पॉइंट चार. बॅटऱ्या झकास आहेत. यापुढचं मला कळत नाही. माझ्या पोरीला कळेल.

कल्पिता : पोरगी याच लाईनीत हाय?

दशरथ : मुलुंडला असते. गाड्यांच्या कंट्रोलरचं टेस्टिंग करते एका कंपनीत.

कल्पिता : मग लावा की फोन.

दशरथ : कामाचं बोलणं होत नाही आमचं. कॉलेजात असताना सुट्टीत दुकानात बसू द्या म्हणायची. मी म्हटलं, हे पोरींचं काम नाही. नंतर तिनं परत विचारलं नाही.

कल्पिता : तुमचा फोन द्या. मी लावते.

जान्हवी : हॅलो? बाबा?

कल्पिता : मी कल्पिता, ट्रक चालवते. तुझ्या बाबांच्या दुकानातून बोलते.

जान्हवी : बाबा ठीक आहेत ना?

कल्पिता : ठीक हायत. माझा ट्रक ठीक नाय. स्पीकरवर टाकते, ऐक.

दशरथ : जानू, बॅटरी बदलल्यावर सगळे वॉर्निंग लागलेत. गाडी वीसच्या वर जात नाही. व्होल्टेज बरोबर आहे.

जान्हवी : मॉडेल कुठलं? दारावरच्या पट्टीचा फोटो टाका... आला. बाबा, सेल्फ कसा फिरतो?

दशरथ : मार गो सेल्फ एकदा... जड. नव्या बॅटरीवर एवढा जड फिरायला नको.

जान्हवी : आणि सगळेच एकदम बिघडलेत असं दाखवतोय. सगळे एका वेळी बिघडत नाहीत ना. त्यांच्या सगळ्यांच्या खाली एकच काहीतरी...

दशरथ : अर्थिंग.

जान्हवी : मी तेच म्हणणार होते.

दशरथ : जुन्या गाड्यांत पण मी आधी तेच बघतो. पण यात असं चालतं?

जान्हवी : यात तर जास्तच लागतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला धरा, एक चासीला. ताईंना सेल्फ मारायला सांगा.

दशरथ : मार गो. अजून एकदा... एक पॉइंट आठ.

कल्पिता : म्हणजे काय ते?

दशरथ : म्हणजे करंट परत यायची वाट कुठेतरी तुंबलीय. इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. थांब, बॅटरीचा ट्रे बाहेर घेतो. ही बघ, अर्थिंगची पट्टी. सकाळच्या माणसानं ट्रे सरकवायला सोडली, नि नुसती टेकवून ठेवली. बोल्ट बोटानं फिरतोय. खाली मासळीचं खारं पाणी बसून गंज चढलाय.

जान्हवी : बाबा, लगेच हात लावू नका. चावी बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग मायनस काढा. आधी त्यांना झोपू द्या.

दशरथ : कोणाला?

जान्हवी : आतल्या कॉम्प्युटरना. त्या ट्रकात अठ्ठावीस आहेत.

कल्पिता : अठ्ठावीस?

जान्हवी : ब्रेकचा वेगळा, इंजिनचा वेगळा, दरवाजाचासुद्धा वेगळा. सगळे एकमेकांशी बोलत असतात. सेकंदाला हजारो निरोप. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक तारा असतात, त्यांच्यावरून.

दशरथ : ती पिळाची जोडी? मी तिला स्पीकरची वायर समजायचो.

कल्पिता : मग एवढे शहाणे असून गाडी वीसवर का अडली?

जान्हवी : शहाणे आहेत म्हणूनच. अर्थिंग सैल, त्यामुळे व्होल्टेज सारखं हलत होतं. एकाचा निरोप दुसऱ्याला तुटक पोचत होता. कोणाचं खरं ते कळेना, म्हणून त्यांनी हळू चालायचं ठरवलं. कसारा घाटात पूर्ण स्पीडला असताना ब्रेकचा निरोप चुकला असता तर?

कल्पिता : मी पवईपासून त्याला शिव्या घालत आले. आईवरनं.

दशरथ : झाली पाच मिनिटं. मायनस काढला. गंजावर घासायचा कागद मारतो... आता खालचं लोखंड चमकतंय. पट्टी बसवली, बोल्ट आवळला. मायनस लावला.

जान्हवी : आता ताई, फक्त चावी फिरवा. सेल्फ मारू नका. कशाला हात लावू नका.

कल्पिता : फिरवली. सगळे दिवे लागले. काटे आपोआप शेवटपर्यंत जाऊन परत आले.

दशरथ : आतून आवाज येतोय जानू. टिक... टिक... आता मागून. आता खाली काहीतरी घुमलं नि थांबलं.

जान्हवी : ते उठतायत. प्रत्येक जण आपलं तपासून बाकीच्यांना सांगतोय, मी आहे.

दशरथ : कान लावलाय मी.

कल्पिता : काका, एक दिवा गेला. ब्रेकचा पण गेला. अजून एक... ओळीनं विझतायत. एकच पिवळा राहिलाय.

जान्हवी : तो चालवल्यावर जाईल. मारा सेल्फ.

दशरथ : हलका फिरला. मीटरवर पॉइंट दोन.

कल्पिता : फ्रीज चालू झाला. ऐका, पंखा फिरतोय. मी गोदरेजच्या गेटपर्यंत एक फेरी मारून येते.

दशरथ : जा. जानू, तू आहेस ना?

जान्हवी : आहे.

दशरथ : हळू चालायचं ठरवलं म्हणालीस. यंत्र कसं काय ठरवतं?

जान्हवी : माणसं शिकवतात त्याला. या मॉडेलचा ब्रेकचा कंट्रोलर आमच्याच टीमकडे होता. पूर्ण आठ महिने मी रोज मुद्दाम व्होल्टेज पाडायचे, अर्थिंग सैल करायचे, निरोप तोडायचे. घाबरून एकदम थांबायचं नाही, धावायचं पण नाही, हे त्याला नीट जमतंय का ते बघायला.

दशरथ : म्हणजे ती पोरगी पवईपासून इथवर सुखरूप आली, ती...

जान्हवी : आम्ही बाराजण होतो बाबा.

दशरथ : तरी.

कल्पिता : आले परत. काका, साठला गेला. पिवळा दिवा पण गेला. मी निघते आता, सातपर्यंत पोचेन. जान्हवी, तू कधी वर्सोव्याला ये. तुला आमच्या होडीवर नेते.

जान्हवी : येईन. घाट जपून उतरा.

कल्पिता : उतरायचा नाय, चढायचाय. पण आता दोघं जपू, मी आणि हा.

दशरथ : गेली बघ. सरळ लेन धरली.

जान्हवी : ठेवू का बाबा? तुमचं जेवण राहिलं असेल.

दशरथ : जेवण होईल. तुला आता वेळ आहे?

जान्हवी : आहे. का?

दशरथ : स्टूल घेऊन बसतो जरा. त्या दोन तारांवरून ते बोलतात कसे, ते मला पहिल्यापासून सांग.